सोने, लोह आणि कर्करोग : धातूंच्या अब्जांश कणांची ओळख आणि पारख

मानवाच्या इतिहासाची पाने आपण धातूंच्या नावाने उलटतो. अश्मयुगानंतर ताम्रपाषाणयुग, कांस्ययुग आणि लोहयुग अशी ती नावे आहेत. नवा धातू हाती आला की शेती बदलली, शस्त्रे बदलली, नाणी आली, व्यापार वाढला आणि त्याबरोबर समाजाची घडणही बदलली. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ग्रीक सागरदेव पोसायडन याची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या गावाचा रोमन जगाशी संबंध होता, याची साक्ष तो धातूचा तुकडा आजही देतो.

धातूंच्या या दीर्घ इतिहासात आज एक नवे प्रकरण लिहिले जात आहे. सोने, लोह, हाफनियम, गॅडोलिनियम अशा धातूंचे आणि त्यांच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण तयार करायचे, ते शरीरातील कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचवायचे, त्यांच्या साहाय्याने ती गाठ पाहायची आणि शक्य झाल्यास तेथेच नष्ट करायची, असा हा प्रयत्न आहे. जगभरातील प्रयोगशाळांत तो चालू आहे आणि आपले कोल्हापूरही त्यात मागे नाही.

इतिहासाच्या शिक्षकाने हा विषय का निवडावा, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण असे की, ‘नॅनो’ हा शब्द आता प्रयोगशाळेत राहिलेला नाही. तो पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांवर आहे, चेहऱ्याच्या मलमांवर आहे आणि असाध्य रोग बरे करण्याच्या जाहिरातींतही आहे. घरात कर्करोगाचे निदान झाले की माणसे हवालदिल होतात. कोणी दागिने मोडतो, कोणी जमीन गहाण टाकतो. अशा वेळी कोणते ज्ञान खरे, कोणते अर्धवट आणि कोणता निव्वळ बाजार, हे ओळखता आले नाही तर पैसा जातो आणि त्याहून मोलाचा वेळही जातो. पुराव्याची पारख करणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले काम आहे. म्हणून या लेखात आपण आधी विज्ञान समजून घेऊ आणि नंतर त्याचा पुरावा तपासू.

१. अब्जांश म्हणजे किती?

एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. मराठीत त्यास अब्जांश मीटर म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते. रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ हजार नॅनोमीटर असतो, तर आपल्या गुणसूत्रांतील डीएनएच्या धाग्याची रुंदी अवघी २ नॅनोमीटर असते. सर्वसाधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण अथवा अब्जांश कण म्हणतात. म्हणजे पेशी हे एक घर मानले, तर हा कण त्या घराच्या दारातून सहज आत जाणाऱ्या पाहुण्यासारखा आहे.

पदार्थ इतका लहान झाला की त्याचे गुणधर्म का बदलतात? एक हिशेब करून पाहू. प्रत्येक बाजू १ सेंटिमीटर असलेला सोन्याचा एक घन घ्या. त्याचे वजन सुमारे १९ ग्रॅम, म्हणजे गुजरीतल्या सराफाच्या भाषेत दोन तोळ्यांहून थोडे कमी. त्याचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता याच घनाचे १ नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले अशी कल्पना करा. वजन तेवढेच राहील, पण सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ होईल ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर! दोन तोळ्यांच्या आत बसणारे सोने साठ गुंठे जमिनीएवढा पृष्ठभाग घेऊन उभे राहते. या विस्तीर्ण पृष्ठभागावर औषधाचे रेणू, प्रतिपिंडे किंवा संरक्षक आवरण जोडता येते. नॅनोकणांच्या उपयोगाचे पहिले रहस्य हे आहे.

२. सोन्याचा तांबडा रंग

दुसरे रहस्य रंगात आहे. ज्या रोमन जगातून ब्रह्मपुरीची मूर्ती आली, त्याच जगात इसवी सनाच्या चौथ्या शतकात काचेचा एक पेला तयार झाला. लायकर्गस पेला या नावाने तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेला आहे. बाहेरून प्रकाश पडला तर तो हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला तर माणकासारखा लाल दिसतो. विसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा त्या काचेत सोने आणि चांदी यांच्या मिश्रणाचे ५० ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण विखुरलेले आढळले. त्या कारागिराला अणू ठाऊक नव्हते, नॅनोमीटर ठाऊक नव्हते, परंतु त्याच्या हाताला कृती ठाऊक होती.

शास्त्रीय अभ्यास मात्र बराच नंतर सुरू झाला. १८५७ साली मायकेल फॅरडे यांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवून लाल द्रव तयार केला आणि त्याचा रंग कणांच्या सूक्ष्मपणामुळे आहे असे दाखवले. एका लोहाराच्या घरात जन्मलेला, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत शिकलेला हा माणूस होता, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे अशा तरंगत्या कणांच्या संशोधनासाठी रिचर्ड झिग्मॉन्डी यांना १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये जॉन टर्केविच यांनी सोन्याच्या क्षाराचे द्रावण सायट्रेटबरोबर उकळून एकसारख्या आकाराचे कण मिळवण्याची सोपी रीत रूढ केली. ती रीत आजही वापरतात. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कातून सोन्या-चांदीचे असे कण तयार करून दाखवले. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा रंग येतो कसा? धातूमध्ये काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात. कण अतिशय लहान असला की प्रकाशलहरीच्या तालावर हे इलेक्ट्रॉन एकसाथ हेलकावे घेतात आणि ठरावीक रंगाचा प्रकाश शोषून घेतात. सोन्याचा लहान गोल कण हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून द्रव लाल दिसतो. कणाचा आकार किंवा घडण बदलली की शोषला जाणारा रंगही बदलतो. त्याला लांबट कांडीचे किंवा पोकळ कवचाचे रूप दिले तर तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषू लागतो. ही गोष्ट वैद्यकासाठी फार महत्त्वाची आहे. आपल्या मांसपेशींतून साधा प्रकाश फारसा आत जात नाही, अवरक्त किरण मात्र काही अंतर आत जाऊ शकतात.

३. कर्करोग आणि जुने उपाय

शरीरातील पेशी ठरावीक शिस्तीने वाढतात, विभागतात आणि मरतात. ही शिस्त मोडून काही पेशी बेसुमार वाढू लागल्या, शेजारच्या भागात घुसू लागल्या आणि रक्तावाटे किंवा लसिकेवाटे दूर जाऊन रुजू लागल्या की त्या आजाराला कर्करोग म्हणतात. तो स्पर्शाने होत नाही, कोणाच्या पापाने होत नाही आणि दैवाच्या कोपानेही होत नाही.

या रोगाशी झुंजण्याचे जुने मार्ग तीन आहेत : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरिअल रुग्णालय सुरू झाले आणि महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून रुग्ण तेथे जाऊ लागले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले, कारण किरणोत्सर्गाचा उपयोग आणि कर्करोगावरील उपचार यांचे नाते जवळचे आहे. त्याच मुंबईत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढवण्याचे हे तंत्र नसते, तर आज कोणत्याही नॅनोकणाची पहिली चाचणीही करता आली नसती. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरवण्यात आले.

धातूंनी कर्करोगाच्या औषधांत प्रवेश केला तो नॅनोकणांच्याही आधी. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांजवळ जिवाणूंचे विभाजन थांबलेले आढळले. त्या निरीक्षणातून सिसप्लॅटिन हे औषध निर्माण झाले. १९७८ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली आणि आजही ते जगभर वापरले जाते. मात्र सिसप्लॅटिन हा एक रेणू आहे, कण नाही. रक्तावाटे ते साऱ्या शरीरात पसरते आणि रोगट पेशींबरोबर निरोगी पेशींनाही इजा करते. मूत्रपिंड, कान, मज्जातंतू यांना त्याचा त्रास होतो. औषध किंवा उष्णता नेमकी गाठीतच पोहोचवता आली तर? या एका प्रश्नातून धातूंच्या नॅनोकणांचे संशोधन वाढले.

४. आधी नीट पाहणे

शत्रू दिसला नाही तर बाण कोणावर सोडणार? म्हणून उपचाराआधी प्रतिमा हवी.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा उपयोग होतो. जड मूलद्रव्ये क्ष-किरण अधिक अडवतात. आज शिरेतून जे द्रव्य देऊन सीटी स्कॅन करतात, त्यात आयोडीन असते. आयोडीनचा अणुक्रमांक ५३ आहे, सोन्याचा ७९. त्यामुळे सोन्याचे कण प्रतिमेत अधिक ठळक दिसू शकतात आणि आयोडीनच्या रेणूंपेक्षा रक्तात अधिक काळ टिकू शकतात.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. तेथे प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकडून संकेत मिळवतात. लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण जेथे साचतात तेथे हा संकेत मंदावतो आणि चित्रातील तो भाग काळा दिसतो. यकृतातील निरोगी भागात परकीय कण गिळणाऱ्या पेशी असतात, गाठीत त्या नसतात. त्यामुळे कण दिल्यावर निरोगी यकृत काळवंडते आणि गाठ उजळ उरते. असे द्रव्य अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाले होते, पण पुढे ते बाजारातून मागे घेतले गेले. मान्यता मिळालेली प्रत्येक गोष्ट टिकतेच असे नाही.

लोहकणांचा आणखी एक उपयोग प्रत्यक्षात आला आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील पहिल्या लसिका ग्रंथीपर्यंत रोग पोहोचला आहे का, हे पाहावे लागते. गाठीजवळ लोहकणांचे द्रव टोचले की ते लसिकेवाटे त्या ग्रंथीत जाऊन बसते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी चुंबकीय शोधकाने ती ग्रंथी सापडते. अशा द्रवाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. या पद्धतीत किरणोत्सर्गी द्रव्य लागत नाही. मात्र टोचलेल्या जागी त्वचेवर तपकिरी डाग काही काळ राहू शकतो आणि पुढील एमआरआयच्या चित्रात हे कण अडथळा आणू शकतात.

५. शिरोलीची भट्टी आणि शरीरातील ऊब

आता उपचाराकडे वळू. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे पालक कामाला आहेत, त्या विद्यार्थ्यांनी फाउंड्रीतील इंडक्शन भट्टीविषयी ऐकले असेल. तेथे लोखंडाखाली जाळ नसतो. तांब्याच्या वेटोळ्यातून दिशा बदलणारी वीज वाहते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र सतत उलटसुलट होते आणि वेटोळ्याच्या आत ठेवलेले लोखंड आपोआप तापून वितळते.

चुंबकीय उष्णोपचाराचे तत्त्व याच्या जवळचे आहे. लोहाच्या ऑक्साइडचे कण गाठीत टोचतात आणि रुग्णाला बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवतात. दोन्हींत एक फरक आहे. भट्टीत धातूच्या मोठ्या तुकड्यात विजेचे भोवरे निर्माण होऊन उष्णता मिळते. नॅनोकण इतके लहान असतात की तेथे असे भोवरे जवळजवळ निर्माणच होत नाहीत. तेथे प्रत्येक कणाच्या चुंबकत्वाची दिशा सेकंदाला लाख किंवा त्याहून अधिक वेळा उलटते आणि त्या ओढाताणीतून उष्णता बाहेर पडते. भट्टीत दीड हजार अंशांच्या आसपासची उष्णता लागते, येथे हवी असते ती केवळ ४२ ते ४६ अंश सेल्सिअस. एवढ्या तापाने कर्करोगाच्या पेशी दुबळ्या होतात किंवा मरतात आणि किरणोपचाराला अधिक बळी पडतात. कल्पना जुनी आहे. १९५७ मध्येच अमेरिकेत लोहकण वापरून लसिका ग्रंथी तापवण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले होते.

याच विषयावर कोल्हापुरात संशोधन झाले. कसबा बावडा येथील डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रात डॉ. एस. एच. पवार यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण संशोधकांनी २०१० नंतरच्या वर्षांत अनेक प्रकारचे चुंबकीय नॅनोकण तयार केले. त्यांत लॅन्थेनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगेनीज यांच्या ऑक्साइडचे कण विशेष उल्लेखनीय आहेत. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचे एक तापमान ठरलेले असते. त्यापलीकडे गेल्यावर त्याचे चुंबकत्व मावळते. या पदार्थातील घटकांचे प्रमाण बदलून हे तापमान खाली आणता येते. तसे झाले तर कण ठरावीक उष्णतेपर्यंत तापतील आणि पुढे स्वतःच थांबतील, त्यामुळे निरोगी भाग भाजण्याचे भय कमी होईल. हे कण पाण्यात नीट तरंगावेत आणि पेशींना अपाय करू नयेत म्हणून त्यांवर आवरणे चढवून पाहिली गेली, पेशीसंवर्धनात त्यांच्या चाचण्या झाल्या. हे काम प्रयोगशाळेच्या पातळीवरचे आहे. शिवाजी विद्यापीठातही नॅनोविज्ञानाचे स्वतंत्र अध्ययन केंद्र आहे. म्हणजे या विद्येसाठी आपल्या मुलामुलींना परदेशीच गेले पाहिजे असे नाही. त्याचा पहिला दरवाजा आपल्याच शहरात आहे.

उष्णतेचा दुसरा मार्ग प्रकाशाचा आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गोळीवर सोन्याचे पातळ कवच चढवलेले कण विकसित केले. ते अवरक्त लेझरने तापतात. तिसरा मार्ग किरणोपचाराला साहाय्य करण्याचा. हाफनियम या जड धातूच्या ऑक्साइडचे कण गाठीत टोचले की तेथे क्ष-किरणांची ऊर्जा अधिक शोषली जाते आणि तेवढ्याच मात्रेत गाठीचे अधिक नुकसान होते.

६. पुराव्याची उतरंड

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. आपण बखर आणि समकालीन पत्र यांना सारखे वजन देत नाही. घटना घडल्यानंतर कित्येक वर्षांनी लिहिलेली बखर वाचनीय असेल, पण तिची प्रत्येक ओळ प्रमाण मानत नाही. विज्ञानातही पुराव्याच्या अशा पायऱ्या आहेत.

पहिली पायरी काचपात्रातील पेशी. दुसरी, प्राणी. २००४ मध्ये अमेरिकेत गाठी असलेल्या उंदरांना सोन्याचे १.९ नॅनोमीटरचे कण देऊन क्ष-किरणोपचार केले गेले. एक वर्षानंतर त्यातील ८६ टक्के उंदीर जिवंत होते. केवळ क्ष-किरण दिलेल्या उंदरांत हे प्रमाण २० टक्के होते. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण ते उंदरांचे आहेत.

तिसरी पायरी, थोडी माणसे. सोन्याच्या कवचकणांचा प्रयोग प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असलेल्या १६ रुग्णांवर झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १५ जणांवर उपचार ठरल्याप्रमाणे करता आला. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या घातक गाठीसाठी जर्मनीत विकसित झालेल्या लोहकणांच्या उष्णोपचाराला युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली. रोग उलटलेल्या ५९ रुग्णांवर तो किरणोपचारासह वापरला गेला आणि रोग उलटल्याचे निदान झाल्यापासून ते मध्यमानाने १३.४ महिने जगले. परंतु त्या अभ्यासात हा उपचार न घेणारा तुलनेचा गट नव्हता. शिवाय कण मेंदूत राहिल्याने त्या रुग्णांची पुढे एमआरआय तपासणी नीट करता येत नव्हती. उपचाराने पाहण्याची वाटच अडवली.

चौथी पायरी, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडून केलेली तुलना. हाफनियम कणांची मऊ ऊतींच्या कर्करोगासाठी अशी चाचणी १८० रुग्णांत झाली. किरणोपचारानंतर गाठ काढून तपासली, तेव्हा ती जवळजवळ पूर्ण निर्जीव झाल्याचे प्रमाण कण दिलेल्या गटात १६ टक्के, तर केवळ किरणोपचाराच्या गटात ८ टक्के होते. युरोपात २०१९ मध्ये त्यास मान्यता मिळाली. ८६ टक्क्यांच्या उंदरांपेक्षा १६ टक्क्यांचा हा आकडा लहान दिसतो, पण पुरावा म्हणून तो अधिक भक्कम आहे.

अडथळाही समजून घेतला पाहिजे. शिरेतून दिलेले नॅनोकण गाठीत किती पोहोचतात? दहा वर्षांतील प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्राण्यांना दिलेल्या मात्रेपैकी मध्यमानाने केवळ ०.७ टक्के कण गाठीत पोहोचले. बाकीचे बहुतांश यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रावाटे निघून जाऊ शकतात, मोठे कण दीर्घकाळ शरीरात राहतात. म्हणूनच वर सांगितलेले बहुतेक यशस्वी उपाय कण थेट गाठीत किंवा गाठीजवळ टोचण्याचे आहेत. लांबून सोडलेला आणि नेमका गाठीवर बसणारा बाण अजून हाती आलेला नाही.

७. भस्म, जाहिरात आणि कायदा

आपल्याकडे रसशास्त्राची परंपरा जुनी आहे. सुवर्णभस्म आणि लोहभस्म करण्याच्या कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही भस्मांत अतिसूक्ष्म कण आढळलेही आहेत. यावरून ‘आपल्या पूर्वजांना नॅनो तंत्रज्ञान अवगत होते आणि म्हणून भस्माने कर्करोग बरा होतो’ असे विधान केले जाते. यातील दोन्ही टप्पे तपासून पाहा. रोमन कारागिराच्या पेल्यातही नॅनोकण आहेत, पण त्याला कोणी वैद्य म्हणत नाही. कृती हाताशी असणे वेगळे आणि तिच्यामागचा नियम ठाऊक असणे वेगळे. कण लहान आहे एवढ्यावरून तो औषध ठरत नाही. गुजरीतला सराफ सुद्धा सोन्याचा रंग पाहून दाम मोजत नाही, कसोटीवर घासून पाहतो. औषधाची कसोटी म्हणजे वर सांगितलेली चौथी पायरी.

औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९५४ पासून आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात या कायद्याने निषिद्ध आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चिकित्सक बुद्धी जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाले. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा गुरूचा मोठेपणा एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश तर त्याहून कितीतरी जुना.

८. पाहण्याचे काम कोण करणार?

नॅनोकणांचे ध्येय गाठ लवकर पाहणे हे आहे. याच ध्येयाचा एक साधा प्रयोग मुंबईत झाला आणि तोही अभ्यासण्यासारखा आहे. टाटा मेमोरिअल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाला व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल पातळ करून लावायचे, जागा पांढरी पडते का ते उघड्या डोळ्यांनी पाहायचे आणि संशय आल्यास पुढील तपासणीस पाठवायचे, अशी ही पद्धत. तपासणी करणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या त्या आरोग्यसेविका होत्या. बारा वर्षांच्या अभ्यासात तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले.

या अभ्यासाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. तुलनेच्या गटातील स्त्रियांना आरोग्याची माहिती दिली गेली, पण ती तपासणी दिली गेली नाही. त्यांच्यातही मृत्यू झाले. गरीब वस्तीतील स्त्रियांना तुलनेसाठी असे ठेवावे काय, यावर पुढे तीव्र टीका झाली. नॅनोकणांच्या चाचण्या उद्या आपल्याकडे होतील, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहील. कागदावर अंगठा उमटवून घेणे म्हणजे संमती नव्हे. काय टोचले जाणार, त्याने काय होऊ शकते, नकार दिला तर उपचार थांबणार नाहीत ना, हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजले पाहिजे. चाचणीचा भार ज्यांनी वाहिला, त्यांच्या वस्तीपर्यंत तिचे फळही पोहोचले पाहिजे. दीक्षा घेतलेल्या माणसाला समतेचा अर्थ येथे वेगळा सांगावा लागू नये.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, या विषयात तुमच्यासाठी दोन प्रकारची कामे आहेत. एक काम प्रयोगशाळेतले आहे. त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित यांची तयारी आतापासून हवी. दुसरे काम वस्तीतले आहे आणि त्यासाठी पदवीची वाट पाहावी लागत नाही. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, स्तनात न दुखणारी गाठ, पाळी गेल्यानंतर पुन्हा होणारा रक्तस्राव, कारण नसताना घटणारे वजन, यांपैकी काही घरात कोणाला असेल तर त्यांना भोंदूकडे नव्हे, सरकारी दवाखान्यात न्या. तंबाखू, मिश्री आणि गुटखा घरातून घालवा. गाठ लवकर सापडली तर आज उपलब्ध असलेल्या साध्या उपचारांनीही पुष्कळ माणसे वाचतात. सोन्याचा कण येईल तेव्हा येईल, तोवर हे काम थांबवण्याचे कारण नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केल्यास एकूण पृष्ठफळ किती होईल? ते किती गुंठे भरेल?

२. इंडक्शन भट्टी आणि चुंबकीय उष्णोपचार यांतील एक साम्य व एक फरक लिहा.

३. ‘१६ रुग्णांपैकी १५ जणांवर यशस्वी’ आणि ‘१६ टक्के विरुद्ध ८ टक्के, १८० रुग्ण’ या दोन निष्कर्षांपैकी कोणता अधिक विश्वसनीय? कारणे द्या.

४. कर्करोगावरील औषधाची एखादी जाहिरात मिळवा. तिच्यातील दावा पुराव्याच्या कोणत्या पायरीवर उभा आहे ते वर्गात चर्चा करून ठरवा.

५. चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाला विचारता येतील असे पाच प्रश्न आपल्या आईला सहज समजतील अशा भाषेत लिहा.